विमानसंदेशांची अक्षरनामावली : उपयोजित भाषासंशोधनाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

दूरध्वनीवरून एखादे अपरिचित नाव सांगावयाचे झाले म्हणजे 'कमळातला क', 'गणपतीतला ग' असे म्हणण्याची रीत मराठी भाषकांच्या अंगवळणी पडलेली आहे. समोरासमोरच्या संभाषणात ओठांची हालचाल आणि प्रसंगाचा संदर्भ यांचे जे साहाय्य कानाला मिळत असते, ते तारेवरून आलेल्या आवाजाला मिळत नाही. यास्तव एकेका वर्णाची जबाबदारी एका परिचित शब्दाकडे सोपविली जाते. ही युक्ती घरगुती आहे. ती फसली तर फार तर एखादे नाव वेडेवाकडे लिहिले जाते.

विमानचालक आणि भूतलावरील नियंत्रक यांच्या व्यवहारात मात्र अक्षराचे मोल वेगळे आहे. विमानाचे ओळखचिन्ह, मार्गदर्शक रेडिओकेंद्राची खूण, धावपट्टीकडे नेणाऱ्या मार्गाचे नाव, या सर्व गोष्टी तेथे सुट्या अक्षरांनी सांगितल्या जातात. एका विमानाला दिलेली आज्ञा दुसऱ्याने आपली समजून पाळली, तर होणारी हानी भरून काढता येत नाही. बोलणारा एका देशाचा, ऐकणारा दुसऱ्या देशाचा, आणि मधला आवाज खरखरीने ग्रासलेला, अशा स्थितीत घरगुती युक्ती पुरी पडत नाही. तिचे शास्त्र बनवावे लागते. हे शास्त्र १९४८ ते १९५६ या आठनऊ वर्षांत कसे घडले, कोठे फसले आणि कोणत्या मार्गाने दुरुस्त झाले, याचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. व्यावसायिकांच्या हाती द्यावयाचे साधन तज्ज्ञांच्या सभेत पूर्ण होत नसून ते वापरणाऱ्यांच्या कानांनी तपासले गेल्यावरच पूर्ण होते, ही गोष्ट या इतिहासाइतकी स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसून येते.

२

या प्रश्नाचे मूळ रोमन अक्षरांच्या इंग्रजी नावांत आहे. देवनागरीतील व्यंजनांची नावे म्हणजे त्या त्या व्यंजनाला 'अ' जोडून केलेला उच्चार होय. त्यातही 'प' आणि 'ब', 'त' आणि 'द' यांची गल्लत होऊ शकते. इंग्रजीत ही अडचण अधिक बिकट आहे. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही या आठ अक्षरांच्या नावांत 'ई' हा एकच स्वर ऐकू येतो, आणि त्यांना वेगळे करणारे व्यंजन क्षणभरच टिकते. स्वराच्या मानाने व्यंजनाचा आवाज क्षीण असतो. त्यामुळे दूरच्या संदेशात स्वर पोचतो आणि व्यंजन वाटेत हरवते. एम आणि एन, एफ आणि एस या जोड्यांची गतही अशीच आहे. एफ आणि एस यांतील घर्षक ध्वनींचे वेगळेपण बव्हंशी उच्च कंपनसंख्यांत असते, आणि दूरध्वनीच्या मर्यादित पट्ट्यात तोच भाग गाळला जातो.

ब्रिटिश सैन्यातील संदेशवाहकांनी या अडचणीवर विसाव्या शतकाच्या प्रारंभीच उपाय योजला होता. आरंभी त्यांनी केवळ गोंधळ करणाऱ्या थोड्या अक्षरांना नावे दिली. एसाठी 'ॲक', एमसाठी 'एमा', पीसाठी 'पिप', टीसाठी 'टॉक' ही त्यांपैकी होत. पहिल्या महायुद्धात ही नावे इतकी रुळली की सकाळच्या वेळेला 'ॲक एमा' आणि दुपारनंतरच्या वेळेला 'पिप एमा' असे सैनिक सहज म्हणू लागले. बेल्जियममधील पोपरिंगे येथे १९१५ साली उघडलेल्या टॅलबॉट हाउस या सैनिकांच्या विश्रामगृहाचे 'टॉक एच' हे नाव याच बोलीतून आले.

आंतरराष्ट्रीय पातळीवरील पहिला प्रयत्न १९२७ च्या वॉशिंग्टन येथील रेडिओ-तार परिषदेत झाला, आणि १९३२ साली माद्रिद येथे त्यात सुधारणा करण्यात आली. ॲमस्टरडॅम, बाल्टिमोर, कासाब्लांका, डेन्मार्क अशी ती नामावली होती. तिच्यात जेरुसलेम, मादागास्कर, योकोहामा, झुरिक अशी जगभरची स्थळनामे होती. ती निवडताना कोणत्याही एका राष्ट्राचा वरचष्मा दिसू नये याची काळजी घेतलेली जाणवते. ऐकणाऱ्याच्या सोयीचा विचार तितकासा दिसत नाही. 'पॅरिस'सारखा आटोपशीर शब्द आणि 'मादागास्कर'सारखा लांबलचक शब्द एकाच मालेत ओवले होते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या भूदलाने आणि नौदलाने १९४१ साली संयुक्तपणे 'एबल, बेकर, चार्ली, डॉग' अशी सुरू होणारी नामावली स्वीकारली. ब्रिटिश वायुदलानेही १९४३ पासून ती आपलीशी केली. रणगाडा आणि विमान यांच्या प्रचंड गोंगाटात कोणता शब्द अधिक चांगला ऐकू येतो, याचा शोध घेण्याचे काम अमेरिकी शासनाने हार्वर्ड विद्यापीठाच्या मनोध्वनिविज्ञानाच्या प्रयोगशाळेकडे सोपविले होते. वर्णनामांचा प्रश्न प्रयोगशाळेत नेण्याची परंपरा तेथपासून दृढ झाली. 'संदेश मिळाला' या अर्थी आजही वापरात असलेला 'रॉजर' हा शब्द त्याच नामावलीतील आर या अक्षराचे नाव होता. पुढे अक्षराचे नाव बदलले. शब्द मात्र आपल्या नव्या अर्थासह टिकून राहिला.

३

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे ५२ राष्ट्रांनी नागरी विमान वाहतुकीच्या करारावर सह्या केल्या. भारत हा त्यांपैकी एक होता. त्या करारान्वये ४ एप्रिल १९४७ रोजी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना अस्तित्वात आली आणि तिचे मुख्य कार्यालय कॅनडातील माँट्रियल येथे राहिले. युद्धातून आलेली 'एबल-बेकर' नामावलीच आरंभी नागरी विमानांसाठी चालू ठेवण्यात आली. परंतु ती अस्सल इंग्रजी होती. तिच्यातील 'हाउ', 'जिग', 'योक' हे शब्द इंग्रजी न बोलणाऱ्याला अर्थाने अपरिचित आणि उच्चाराने अवघड होते. परिणामी लॅटिन अमेरिकेत 'आना, ब्राझिल' अशी सुरू होणारी निराळी नामावली वापरात आली. ज्या साधनाने सर्वांची भाषा एक व्हावयाची, त्याचेच दोन तुकडे झाले. हा दोष ओळखून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघाने १९४७ साली इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीज या भाषांना समान असणाऱ्या ध्वनींवर आधारलेला एक मसुदा संघटनेपुढे ठेवला.

त्यानंतर हे काम माँट्रियल विद्यापीठातील भाषाविज्ञानाचे प्राध्यापक जाँ-पोल विने (१९१०–१९९९) यांच्याकडे आले. पुढे १९५८ साली जाँ दार्बेल्ने यांच्यासह लिहिलेल्या, फ्रेंच व इंग्रजी यांच्या तौलनिक शैलीविषयीच्या ग्रंथामुळे विने यांचे नाव भाषांतराच्या अभ्यासकांत सर्वत्र झाले. एकच व्यवहार दोन भाषांतून नित्य चालणारे माँट्रियल शहर हे अशा संशोधनास अनुकूल क्षेत्र होते, असे म्हणावयास हरकत नाही. १९४८ आणि १९४९ या दोन वर्षांत विने यांनी संघटनेच्या सहकार्याने नव्या नामावलीचा पाया घातला.

शब्दनिवडीसाठी पाच कसोट्या ठरविण्यात आल्या. शब्द इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तिन्ही भाषांत चालता-बोलता असावा. कोणत्याही भाषेच्या वैमानिकास तो सहज उच्चारता व ओळखता यावा. रेडिओवरून तो स्पष्ट पोचावा. तिन्ही भाषांत त्याचे लेखन सारखे असावे आणि आद्याक्षर तेच असावे. आणि त्याच्याशी कोणताही अनुचित अर्थ जोडलेला नसावा. या कसोट्यांतून अल्फा, ब्राव्हो, कोका, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट अशी मालिका तयार झाली. तिच्यात आयसाठी 'इंडिया', एमसाठी 'मेट्रो', एनसाठी 'नेक्टर', यूसाठी 'युनियन' आणि एक्ससाठी 'एक्स्ट्रा' हे शब्द होते.

लेखनातही बारकाईने विचार झाला. 'अल्फा' हा शब्द इंग्रजीत पी-एच या जोडाक्षराने लिहिला जातो. परंतु ती जोडी फ-सारखी उच्चारावी हे सर्व भाषकांना ठाऊक असेल असे नाही, म्हणून तेथे साधा एफ योजला. 'ज्युलिएट' या शब्दाच्या शेवटी दोन टी लिहिण्यात आले, कारण एकच टी असता फ्रेंच भाषक तो अनुच्चारित मानण्याचा संभव होता. लेखनाचा नियम मोडून उच्चाराचे रक्षण करण्याचे हे धोरण व्यवहारदृष्टीचे द्योतक आहे.

ही नामावली १ नोव्हेंबर १९५१ रोजी स्वीकारण्यात आली आणि नागरी विमान वाहतुकीत १९५२ च्या एप्रिलपासून अमलात आली.

४

तज्ज्ञांनी दोन वर्षे खपून बनविलेले आणि राष्ट्रांनी मान्य केलेले हे साधन प्रत्यक्ष वापरात येताच त्याविषयी तक्रारी सुरू झाल्या. 'डेल्टा' आणि 'एक्स्ट्रा', 'नेक्टर' आणि 'व्हिक्टर' यांची गल्लत होऊ लागली. आवाज नीट पोचत नसताना आणखी काही शब्द ओळखू येईनात. कित्येकांना हे दोष इतके गंभीर वाटले की त्यांनी नवी नामावली बाजूला ठेवून पुन्हा 'एबल-बेकर'चा आश्रय घेतला.

या प्रसंगी संघटनेपुढे दोन मार्ग होते. वापरणाऱ्यांना जुनी सवय सोडवत नाही, असे म्हणून तक्रारींकडे दुर्लक्ष करता आले असते. तसे न करता १९५२ मध्येच तिने मूळ संशोधन पुन्हा तपासावयास घेतले. ब्रिटन आणि अमेरिका या देशांच्या शासनांनी या चाचण्यांचा मुख्य भार उचलला. अमेरिकेतील काम तेथील वायुदलाच्या देखरेखीखाली ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठानाने केले. एकूण ३१ राष्ट्रांचे भाषक या चाचण्यांत बोलले आणि त्यांनी ऐकले. आकलनाच्या चाचण्यांची संख्या लाखांच्या घरात गेली.

या संशोधनातून निघालेला एक निष्कर्ष भाषाविज्ञानाच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. गोंगाट वाढल्याने शब्दांत नवा गोंधळ उत्पन्न होत नाही. ज्या शब्दांत गोंधळाचे बीज मुळातच असते, त्यांच्यातील गोंधळ गोंगाटाने तीव्र होतो, असे आढळून आले. म्हणजे दोष वाहिनीवर ढकलून भागण्यासारखे नव्हते. तो शब्दांच्या घडणीतच होता, आणि शांत खोलीत तो झाकला गेला होता.

वरील चार शब्दांची घडण पाहिली असता हे सहज पटते. डेल्टा, एक्स्ट्रा, नेक्टर आणि व्हिक्टर हे चारही शब्द दोन अवयवांचे असून चारहींचा आघात पहिल्या अवयवावर आहे. पहिल्या तिहींत आघातयुक्त स्वर 'ए'च्या जातीचा आहे. चारहींच्या मध्यभागी 'ट'कारयुक्त व्यंजनसमूह असून शेवटी एक अस्फुट स्वर आहे. आणि 'नेक्टर', 'व्हिक्टर' यांच्या शेवटी असलेला रकार इंग्लंडमधील प्रचलित उच्चारात लोप पावतो. उरला आद्यवर्णाचा भेद. परंतु आरंभीचे व्यंजन हरवते म्हणूनच तर नामावलीची गरज भासली होती. ज्या रोगावर औषध योजले, तोच रोग औषधात शिरला होता.

भारतीय विमानांच्या संदर्भात हा प्रश्न किती निकडीचा झाला असता, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानाचे चिन्ह व्ही-टी या दोन अक्षरांनी सुरू होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या विमानातून मुंबईस जुहू येथे उतरले, त्याचे चिन्ह व्ही-टी-ए-डी-एन असे होते. त्या वेळी ही नामावली अस्तित्वात नव्हती. परंतु तेच चिन्ह १९५१ च्या नामावलीनुसार सांगावयाचे झाले असते, तर ते 'व्हिक्टर टँगो अल्फा डेल्टा नेक्टर' असे सांगावे लागले असते. पाच शब्दांपैकी तीन शब्द गल्लतीच्या यादीतले.

१ मार्च १९५६ रोजी सुधारलेली नामावली नागरी विमान वाहतुकीत अमलात आली. एवढ्या मोठ्या संशोधनानंतर बदललेले शब्द केवळ पाच होते. कोकाच्या जागी 'चार्ली', मेट्रोच्या जागी 'माइक', नेक्टरच्या जागी 'नोव्हेंबर', युनियनच्या जागी 'युनिफॉर्म' आणि एक्स्ट्राच्या जागी 'एक्स-रे' आला. उरलेल्या एकवीस शब्दांना हात लावण्यात आला नाही. जे चालते ते मोडावयाचे नाही, हा संयमही संशोधनाचाच भाग होता.

या पाच बदलांकडे आणखी एका दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. चार्ली, माइक आणि एक्स-रे हे तीन शब्द 'एबल-बेकर' नामावलीतून परत आलेले आहेत. ज्या वैमानिकांनी जुन्या शब्दांचा आश्रय घेतला होता, त्यांच्या कानांची साक्ष अशा रीतीने अंशतः तरी मान्य झाली. त्याचबरोबर मूळ पाच कसोट्यांपैकी एकीला मुरड घालावी लागली. 'एक्स-रे' हा शब्द फ्रेंच किंवा स्पॅनिश भाषेत चालता-बोलता नाही. त्या भाषांत त्या किरणांचे नाव वेगळ्या रीतीने बनते. 'चार्ली'तील आद्य ध्वनीही सर्वांना सारखा नाही. म्हणूनच उच्चाराच्या अधिकृत कोष्टकात 'चार्ली' आणि 'शार्ली', तसेच 'युनिफॉर्म' आणि 'ऊनिफॉर्म' असे पर्यायी उच्चार मान्य करण्यात आले. कसोट्या आणि कान यांच्यात विरोध आला, तेव्हा कानाला मान देण्यात आला.

५

या चाचण्यांतील आणखी एक निष्पत्ती उल्लेखनीय आहे. एफ या अक्षरासाठी 'फुटबॉल' आणि 'फॉक्सट्रॉट' हे दोन शब्द पडताळून पाहिले असता, सुटा उच्चारलेला 'फुटबॉल' अधिक चांगला ओळखला जातो. परंतु इतर संकेतशब्दांच्या ओघात आलेला 'फॉक्सट्रॉट' सरस ठरतो, असे दिसून आले. निवड अर्थातच फॉक्सट्रॉटची झाली. व्यवसायात शब्द कधीच सुटा येत नाही. तो इतरांच्या रांगेतच येतो.

भाषेतील चिन्हाचे मूल्य त्याच्या स्वतःच्या गुणांत नसून इतर चिन्हांपासून असलेल्या त्याच्या भिन्नतेत असते, हा विचार सोस्यूर यांच्या व्याख्यानांतून १९१६ साली ग्रंथरूपाने पुढे आला होता. शब्द अन्य गोष्टींची व्यावृत्ती करून अर्थ सांगतो, असे प्रतिपादन करणारा दिङ्नागाचा अपोहवादही भारतीय अभ्यासकांना परिचित आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात सूक्ष्म आणि काहीसा निरुपयोगी वाटणारा हा सिद्धान्त येथे विमानतळावर कामास आला. 'नेक्टर' हा शब्द स्वतः वाईट नव्हता. 'व्हिक्टर'च्या शेजारी तो वाईट होता. म्हणूनच त्यातील एक शब्द काढताच दुसरा निर्दोष झाला आणि आजतागायत टिकला.

१९४८ साली, म्हणजे विने यांच्या कामाला प्रारंभ झाला त्याच वर्षी, क्लॉड शॅनन यांचा संदेशवहनाच्या गणिती सिद्धान्तावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. संदेशात आवश्यकतेहून अधिक खुणा असल्या म्हणजे वाटेत काही हरवले तरी उरलेल्यांवरून मूळ संदेश जुळविता येतो, हे त्यातील एक मर्म होय. नामावलीच्या घडणीत हेच तत्त्व दिसते. 'एबल-बेकर' मालिकेत डॉग, फॉक्स, जॉर्ज, हाउ यांसारखे बारा एकावयवी शब्द होते. १९५६ च्या मालिकेत गॉल्फ आणि माइक हे दोनच आहेत. शब्द किंचित लांबला, बोलण्यास क्षणभर अधिक लागला. त्या मोबदल्यात सुरक्षितता मिळाली.

मराठी भाषकाच्या कानालाही या तरतुदीचा लाभ होतो. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू यांचे ध्वनी भिन्न आहेत. मराठीत त्या दोहोंचे काम 'व'काराच्या एकाच कुळाकडे आहे, आणि मराठी लेखनात 'व्हिक्टर' व 'व्हिस्की' यांचा आरंभ सारखाच होतो. आद्यवर्णाचा भेद येथे नाहीसा झाला तरी पुढचा भाग दोहोंना वेगळे ठेवतो. कसोट्या ठरविताना ज्या तीन भाषा समोर होत्या, त्यांत आशिया किंवा आफ्रिका खंडात उगम पावलेली एकही नव्हती, ही या संशोधनाची मर्यादा मान्य करावीच लागेल. चाचण्यांत ३१ राष्ट्रांच्या भाषकांना स्थान मिळाल्याने ती काही अंशी भरून निघाली.

६

अंकांच्या उच्चारातही हीच दृष्टी दिसते. इंग्रजीतील 'थ' हा दंत्य घर्षक जगातील अनेक भाषांत नाही. म्हणून तीन या अंकाचा उच्चार 'ट्री' आणि हजाराचा उच्चार 'टाउझंड' असा ठरविण्यात आला. पाच आणि नऊ यांच्या इंग्रजी नावांत एकच संयुक्त स्वर आहे. यास्तव पाचाला 'फाइफ' आणि नवाला 'नाइनर' असे रूप दिले गेले. व्याकरणशुद्ध इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्यास हे उच्चार ओबडधोबड वाटतील. नियंत्रकास ते वाटत नाहीत.

विमानांसाठी घडविलेले हे साधन लवकरच त्या क्षेत्राबाहेर गेले. १९६५ साली स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेच्या द्वारे ते जहाजांवर पोचले, आणि १९३२ ची स्थळनामांची मालिका मागे पडली. सैन्य, पोलीस, अग्निशामक दल, तारायंत्राचे हौशी अभ्यासक या सर्वांनी ते उचलले. १९५६ नंतर त्यातील एकही शब्द बदलावा लागलेला नाही.

तथापि अक्षर सुरक्षित झाले म्हणजे संभाषण सुरक्षित झाले, असे नव्हे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरीफे येथे धावपट्टीवर दोन प्रचंड विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. धुक्यासारखी अनेक कारणे तिच्यामागे होती. त्यांत भाषेचाही वाटा होता. उड्डाणासंबंधीचे वैमानिकाचे एक वाक्य 'उड्डाणाच्या जागी उभे आहोत' आणि 'उड्डाण करीत आहोत' अशा दोन्ही अर्थांनी घेता येण्यासारखे होते. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची अनुज्ञा देताना किंवा ती मागे घेतानाच वापरावयाचा, एरव्ही 'डिपार्चर' म्हणावयाचे, असा दंडक घालण्यात आला. वर्णांच्या पातळीवर जी शिस्त १९५६ साली आली होती, ती वाक्यांच्या पातळीवर आणण्यासाठी एवढी मोठी किंमत मोजावी लागली. २००८ च्या मार्चपासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरील वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी भाषाप्रावीण्याची ठरावीक पातळीही आवश्यक करण्यात आली.

एकंदरीत या इतिहासाचा बोध असा की, उपयोजित संशोधनाची खरी परीक्षा त्याचे साधन नाकारले जाते तेव्हा होते. १९५१ ची नामावली विद्वत्तेत उणी नव्हती; तिच्या कसोट्या आजही वाजवी वाटतात. उणीव होती ती तिच्या शब्दांना एकमेकांशेजारी उभे करून, गोंगाटात, परक्या कानांपुढे ऐकविण्याची. ती उणीव तक्रार करणाऱ्यांनी दाखविली आणि संशोधकांनी तक्रारीलाच संशोधनाची सामग्री मानली. शासनासाठी परिभाषा, न्यायालयांसाठी कोश, रुग्णालयांसाठी प्रश्नावली अशी भाषिक साधने मराठीतही घडत आली आहेत आणि पुढेही घडतील. ती कोणत्या समितीने मान्य केली यापेक्षा, ती कोणाच्या तोंडी देऊन आणि कोणाच्या कानी घालून तपासली, हा प्रश्न त्यांच्याविषयी आधी विचारला गेला पाहिजे.